आईची दुसरी बोट: सांगली ते अगत्ती, महालक्ष्मीमार्गे

आयर्विनकाठ | ११ जानेवारी, रात्री १०:२०

मंडळी, डिसेंबरात आईला घेऊन क्रूझला जाऊन आले. मुंबई–लक्षद्वीप (अगत्ती बेट)–मुंबई, चार रात्री. परत आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतोय, "किती पडले?" त्यापुढचं ऐकायला कुणाला वेळ नाही, म्हणून इथं लिहितेय.

आधी आईबद्दल. वय ७२, माहेर हरिपूर, सासर सांगलीचा गावभाग. जन्म सगळा कृष्णेच्या शेजारात गेला. आमच्याकडं नदीचं पाणी आयर्विन पुलापाशी फुटात मोजतात. पावसाळ्यात कुणाचाही फोन आला की "कशी आहेस"च्या आधी "आयर्विनला किती?" चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे पाढ्यासारखं पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आई-बाबा गावभागातल्या घरी माडीवर दोन रात्री अडकले होते. तिसऱ्या दिवशी रबरी बोट आली आणि गॅलरीच्या कठड्यावरून दोघांना खाली घेतलं. आईच्या आयुष्यातली ती पहिली बोट. पुढं बाबा गेले (पुरामुळं नाही, दोन वर्षांनी), आई विश्रामबागला माझ्याकडं आली आणि नदीकडं जाणं तिनं बंदच केलं. माई घाटावर होड्यांच्या शर्यती असल्या की पूर्वी आम्हाला हाताला धरून न्यायची. आता विषय काढला की म्हणते, "ऊन फार असतं."

मग हिला क्रूझवर न्यायचं मला कुठून सुचलं? खरं सांगू का, हौस माझी होती. नवऱ्याला सुट्टी नाही, मुलाची बारावी, आणि एकटीनं गेलं तरी केबिनचे पैसे जवळजवळ दोघांचेच पडतात. आईला म्हटलं, "अगं जहाज आहे ते, बोट नव्हे." ती म्हणाली, "तरंगतंय ना? मग बोटच."

रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली. घरचं शिजवलेलं जहाजावर चालत नाही असं बुकिंगच्या कागदात होतं, म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी कराड यायच्या आत संपवली. भडंगाचं पाकीट मात्र शेवटपर्यंत आमच्यासोबत होतं. ते तपासणीतून कसं सुटलं ते आईलाच माहीत.

सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं पाच-दहा मिनिटं. पुढं सगळं विमानतळासारखं, रांगा, स्कॅनर, फोटो, गळ्यात अडकवायचं कार्ड. त्या गडबडीत जहाज बाहेरून धड दिसतच नाही. एका झाकलेल्या पुलावरून चालत गेलो, गालिचा लागला, लिफ्ट लागली. आई दहा मिनिटांनी म्हणाली, "जहाज कधी यायचं?" म्हटलं, आपण त्याच्या पाचव्या मजल्यावर उभे आहोत. तिनं पायानं जमीन दाबून बघितली.

आमची केबिन आतली, बिनखिडकीची. स्वस्त म्हणून घेतली आणि त्यामुळंच सगळ्यात मोठी मजा झाली. दिवा घालवला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख. पहिल्या रात्री आई तीन वाजता उठली, सकाळ झाली समजून आंघोळ करून, साडी नेसून मला हलवायला लागली, "ऊठ, चहा मिळतो का बघू." घड्याळ दाखवलं तर म्हणे, "आता उठलेच आहे तर वर जाऊन येऊ." गेलो. डेकवर चिटपाखरू नाही. गार वारा, खाली जहाजाच्या कडेनं पांढरा फेस, आणि लांबवर मासेमारीच्या बोटींचे दिवे, खंडाळ्याच्या घाटातून खाली बघताना दिसतात तसे. आई कठड्यापासून चार हात लांब, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तासभर. मी थंडीनं कुडकुडत होते, ती हलायला तयार नाही.

दुसऱ्या दिवशी नुसता समुद्र. जमीन नाही की पक्षी नाही. संध्याकाळी डेकवरच्या खुर्च्या आवरणारा एक रत्नागिरीकडचा मुलगा मराठी बोलणारा निघाला. आईनं त्याला पहिला प्रश्न काय विचारावा? "इथं पाणी किती फूट?"

तो म्हणाला, "काकू, दोन हजार मीटर तरी असेल."

आई शाळेत गणित शिकवायची. लगेच हिशेब, "म्हणजे साडेसहा हजार फूट." आणि थोडं थांबून, अगदी गंभीरपणे, "मग इशारा कितीला देतात?"

त्याला काहीच कळलं नाही, तो आपला हसला. मला हसूही आलं आणि घशात काहीतरी अडकलंही. पण आई त्यानंतर पहिल्यांदा कठड्याजवळ गेली आणि खाली वाकून बघितलं. साडेसहा हजाराला कुणी घाबरत नाही बहुतेक, सेहेचाळीसला घाबरतात.

बाकीचं उद्या लिहीन. तोवर तुमच्या पहिल्या बोटीबद्दल सांगा. क्रूझच पाहिजे असं काही नाही.


कंदीपेढा | ११ जानेवारी, रात्री ११:०५

आम्हा सातारकरांची क्रूझ म्हणजे बामणोली. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर लाँच, डिझेलचा वास, कुणीतरी स्पीकर लावलेला, आणि वासोट्याला पोचेपर्यंत निम्म्यांचे डबे संपलेले. लाइफ जॅकेट आहे का विचारलं तर लाँचवाला म्हणतो, "बसा की, मी हाय न्हवं."

ताई, जेवणाचं सांगा राव. आमच्या घरी दोघं पक्के शाकाहारी, आणि माळकरी वडिलांना कांदा-लसूण चालत नाही. आणि बोट लागली का कुणाला?


आयर्विनकाठ | १२ जानेवारी, सकाळी ९:१५

शाकाहारी भरपूर होतं, जैन जेवणाचा काउंटर वेगळा होता, वडिलांची अडचण होणार नाही. चौथ्या दिवशी मात्र आईला पनीर बघून वैताग आला. तिला भाकरी पाहिजे होती, ती कुठून आणू?

बोट लागली ती मला! आईला नाही. पहिल्या रात्री जेवून उठले आणि जमीन कुशीवर वळल्यासारखी वाटली. अ‍ॅव्होमिन घेतली होती, पण उलटी सुरू होईल असं वाटल्यावर, म्हणजे उशिरा. डॉक्टरांना विचारून निघायच्या आधीच घ्यायला पाहिजे होती. आईनं पिशवीतून आलेपाकाची वडी काढून दिली आणि म्हणाली, "मला न्यायला निघालीस ना?"


इंजिनरूम | १२ जानेवारी, दुपारी १:४०

मी कोरेगावचा, १४ वर्षं मर्चंट नेव्हीत. मालवाहू जहाजांवर, पॅसेंजरवर नव्हे, त्यामुळं आमच्याकडं गालिचाही नाही आणि पनीरही नाही. दोन-तीन गोष्टी सांगतो.

बोट लागायची भीती असेल तर केबिन खालच्या मजल्यावर आणि लांबीच्या मधोमध घ्या. लहान मुलांचा सी-सॉ आठवा, टोकाला बसलेला वर-खाली होतो, मधला जवळपास जागेवर. वरच्या मजल्यावरची महागडी बाल्कनी झोके सगळ्यात जास्त खाते. प्रवासी जहाजांना बहुधा पाण्याखाली दोन बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात, ते कुशीवर होणारं डुलणं बरंच कमी करतात. पुढं-मागं होणारी आपटी मात्र त्यांना आवरत नाही.

दुसरं, सुरुवातीला संकटकाळासाठी जी कवायत घेतात, सात छोटे भोंगे आणि एक लांब, ती टाळू नका. लोक सेल्फी काढत उभे असतात. जानेवारी २०१२ मध्ये इटलीत कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळली तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. नियमात तेव्हा २४ तासांची मुभा होती. ती नंतर काढली, आता जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावीच लागते.

आणि बंदरातून निघताना डेकवर असाल तर जेवण सोडा पण पायलट उतरताना बघा. जहाजाचा कॅप्टन कितीही मुरलेला असो, मुंबईच्या खाडीतून बाहेर काढायला बंदराचा पायलट बरोबर असतो. बाहेर आलं की एक छोटी बोट जहाजाला खेटून धावायला लागते आणि हा माणूस दोराच्या शिडीनं, दोन्ही चालू असताना, तिच्यात उतरतो. मी शेकडो वेळा बघितलंय, अजून छातीत धस्स होतं. पुढं डाव्या हाताला लांब खांदेरीचा दिवा दिसला तर हात जोडा. महाराजांनी १६७९ मध्ये त्या बेटावर काम सुरू केलं तेव्हा इंग्रजांनी आणि सिद्दीनं जंग जंग पछाडलं, पण बेट हललं नाही.

काकूंना सांगा, २५ मीटर उंच डेकवरून क्षितिज साधारण १८ किलोमीटरवर असतं. गणिताच्या बाई आहेत म्हणून सांगितलं: मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ३.५७.


आयर्विनकाठ | १२ जानेवारी, रात्री ८:३०

आईला वाचून दाखवलं. वहीत करून बघितलं आणि म्हणाली, "१७.८५ येतं. साधारण म्हणाला आहे, चालेल."


जुनी_वाट | १२ जानेवारी, रात्री ९:५०

माझं वय ७८. साताऱ्यात सून म्हणून आले, माहेर रत्नागिरीजवळ. नातू टाइप करतोय.

आम्ही लहानपणी मुंबईला बोटीनंच जायचो. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती आणि एस.टी.नं हाडं खिळखिळी व्हायची. बोट धक्क्याला लागायची नाही, लांब खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात, म्हणजे छोट्या होडीत बसायचं, बायका, पोरं, फणस, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या सगळं एकत्र. पडाव बोटीला लागला की लाट वर येईपर्यंत थांबायचं, आणि वर आली की खलाशी ओरडायचा, "आता!" त्या क्षणी पाय टाकायचा. माझ्या आईनं एकदा उशीर केला आणि एक चप्पल अरबी समुद्राला दिली. मुंबईला भाऊच्या धक्क्यावर एका चपलेनं उतरली.

आत डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची. ज्याला बोट लागायची त्याला कोकमाचं पाणी. रात्रभर कुणीतरी भजन म्हणायचं. भीती नव्हती असं नाही. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. गटारी अमावास्या होती. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या घरी अमावास्येला बोटीत पाय ठेवायचा नाही हा दंडक माझं लग्न होईपर्यंत चालला.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मला तुमच्या त्या जहाजावर लिफ्ट आहे हे ऐकूनच हसू आलं.


कंदीपेढा | १२ जानेवारी, रात्री १०:१०

आजी, एक नंबर. नातवाला आमच्याकडून एक पेढा.


स्पष्टवक्ता_मिरज | १३ जानेवारी, सकाळी ११:२०

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मुद्दाम लिहितो. क्रूझ म्हणजे तरंगता मॉल. चार दिवस खायचं, पोहायच्या टाकीत बसायचं, रात्री नाचगाणं बघायचं. समुद्र बघायला समुद्रात जायची गरज काय? गणपतीपुळ्याला जा, फुकट आहे. आणि त्या धुराड्यातून जे काळं बाहेर पडतं त्याचा हिशेब कोण देणार? लक्षद्वीपसारख्या चिमुकल्या बेटावर एका सकाळी एवढी माणसं ओतायची हेही मला पटत नाही.


इंजिनरूम | १३ जानेवारी, दुपारी ३:०५

धुराचं खरं आहे, मी त्याच धुराखाली काम करतो. २०२० पासून जहाजाच्या इंधनात गंधक अर्धा टक्क्यापर्यंतच चालतं, आधी साडेतीन टक्के चालायचं. म्हणजे सुधारणा आहे, पण दर माणशी बघितलं तर क्रूझ ही आगगाडी नव्हे हे मान्य. फक्त गणपतीपुळ्याच्या समुद्राला मागं वळून बघितलं की किनारा असतो. चारी बाजूंना काहीच नसणं ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्या खेपेला मी एकवीस वर्षांचा होतो आणि दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो.


आयर्विनकाठ | १३ जानेवारी, रात्री ९:००

स्पष्टवक्ता, मॉलचं मान्य. रात्रीच्या कार्यक्रमात आवाज इतका की आई कानात कापूस घालून बसली, आणि तरी शेवटपर्यंत बसली. बेटाचं म्हणाल तर मलाही उतरताना थोडं ओशाळल्यासारखं झालं. इवलंसं गाव, आणि आम्ही टोप्या घालून रांगेनं चाललोय. प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलायचा नाही हे दहा वेळा सांगितलं होतं, तरी एका बाईंच्या पिशवीत सापडलाच.


भटक्या_विटा | १३ जानेवारी, रात्री १०:४५

आमची पहिली क्रूझ सिंगापूरहून, आठ वर्षांपूर्वी, हनिमूनला. एजंटनं "समुद्र दिसणारी खोली" म्हणून पैसे घेतले. पडदा उघडला तर समोर नारंगी रंगाची भलीमोठी लाइफबोट. वर एक वीतभर आकाश, खाली एक वीतभर पाणी. बायको म्हणाली, "बुडालो तर आपला नंबर पहिला." तीन दिवस त्या बोटीला गुड मॉर्निंग केलं. आता बुकिंग करताना मी केबिनचा नंबर घेऊन जहाजाच्या नकाशावर बोटं ठेवून बघतो.

आणि मोबाइल! जहाजावर चढल्यावर एअरप्लेन मोडला टाका. किनारा सुटला की फोन आपोआप जहाजाचं नेटवर्क पकडतो, ते उपग्रहावरून चालतं आणि बिल बघून बोट न लागलेल्यालाही उलटी होते. मी आईला "पोचलो" एवढं सांगायला फोन केला होता. ती वीस मिनिटं आमच्या म्हशीचं सांगत बसली.


हळदीचं_पेव | १४ जानेवारी, सकाळी ७:३०

संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना. ताई, माझे सासरे ७५ चे, गुडघे दुखतात. अगत्तीला जहाज धक्क्याला लागत नाही म्हणतात, छोट्या बोटीत उतरावं लागतं. वयस्कर माणसांना जमतं का? आणि वेगळा परवाना काढावा लागतो का?


आयर्विनकाठ | १४ जानेवारी, रात्री १०:३०

परवाना लागतो, पण आमचा कंपनीनंच काढला होता, आधार आणि फोटो आधी पाठवले होते.

उतरायचं जरा सविस्तर सांगते, कारण आमचं तिथंच अडलं होतं.

बेटाभोवती प्रवाळाचा कठडा, आत उथळ पाणी. एवढं मोठं जहाज आत जाऊच शकत नाही. ते बाहेर थांबतं आणि जहाजाच्या पोटातला, अगदी पाण्यालगतचा एक दरवाजा उघडतात. खाली छोटी बोट येऊन लागते. तीन-चार पायऱ्या, मग एक पाऊल. ती बोट वर-खाली होत असते, जुनी_वाट आजींनी लिहिलंय तसंच. दोन्ही बाजूंना दोन-दोन खलाशी उभे असतात, ते माणसाला जवळजवळ उचलूनच ठेवतात. गुडघे दुखणारे बरेच जण आमच्यासमोर उतरले. व्हीलचेअरवाले एक आजोबा मात्र जहाजावरच थांबले, त्यांचं आधी विचारून घ्या.

आई दरवाजापर्यंत आली आणि थांबली. मागं रांग. मला वाटलं गुडघे, पण ती खाली बोटीकडं बघत होती आणि कठड्याची दांडी सोडत नव्हती. गॅलरीतून उतरताना हेच होतं ना सगळं. वर आपण, खाली हलणारी बोट, मधे पाणी, आणि हात पुढं करणारा अनोळखी मुलगा. मी म्हटलं, "राहू दे, नको जायला, आपण वर चहा घेऊ." मनापासून म्हटलं. मागचा एक माणूस "चलो चलो" करत होता, त्याला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

खालच्या खलाशानं हात पुढं केला, आईनं बोटं धरली. त्यानं मान हलवली आणि तिच्या मनगटाच्या वर धरलं, तिला खुणेनं सांगितलं, तूही माझं मनगट धर. आई मला म्हणाली, "तेव्हाही असंच धरलं होतं. हात धरला तर सुटतो म्हणाला होता तो पोरगा." आणि पाऊल टाकलं.

छोट्या बोटीत बसल्यावर पाचेक मिनिटं काही बोलली नाही. मग पाण्याचा रंग बदलला. गडद निळं होतं ते एकदम पोपटी झालं, तळाची वाळू दिसायला लागली. आई वाकून म्हणाली, "हे सहा-सात फूट असेल." तिचा अंदाज चुकत नाही या बाबतीत.

बेटावर नारळपाणी प्यायलो, काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ आणि मासे बघितले. ती तिची त्या दिवसातली तिसरी बोट, मागं-पुढं न बघता चढली. नंतर साडी घोट्याच्या वर धरून पाण्यात उभी राहिली. फोटो काढू दिला नाही.


हळदीचं_पेव | १५ जानेवारी, सकाळी ६:५०

सासऱ्यांना वाचून दाखवलं. पुराच्या वेळी आम्ही शिरोळ रस्त्याला नातेवाइकांकडं होतो. ते काही बोलले नाहीत, पण चहा घेता घेता विचारलं, "जहाज कुठल्या महिन्यात असतं?"


इंजिनरूम | १५ जानेवारी, दुपारी २:२०

पावसाळ्यात मुंबईहून जाऊ नका. अरबी समुद्र जून ते ऑगस्ट कुणाचं ऐकत नाही. थंडीतला बेस्ट.

आणि मनगट धरायचं बरोबर आहे. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवतात.


आयर्विनकाठ | १९ जुलै, रात्री ९:४०

धागा वर काढतेय. काल आयर्विनला २९ फूट झालं. मामाचा हरिपुरातून फोन, नेहमीसारखा, "अक्का, एकोणतीस झालंय, कोयनेतून सोडणार म्हणतात." दरवर्षी आई या फोननंतर देवासमोर जाऊन बसते. काल म्हणाली, "साडेसहा हजारावर झोपून आलेय मी, एकोणतीस काय सांगतोस?" आणि फोन ठेवल्यावर मला, "पण गावभागातल्या घरातले गहू वर ठेवायला सांग."


कंदीपेढा | १९ जुलै, रात्री १०:०२

काकूंना दंडवत. धरणाकडं इकडंही पाऊस दणकून आहे, सांभाळून राहा. बामणोलीची लाँच बंद आहे सध्या.


भटक्या_विटा | १९ जुलै, रात्री १०:१५

ताई, डिसेंबरचं बुकिंग करतोय, या वेळी आईला घेऊन. तो आलेपाक कुठल्या दुकानातला? आणि आतल्या केबिनला खरंच लाइफबोट दिसत नाही ना?


आयर्विनकाठ | १९ जुलै, रात्री १०:३१

काहीच दिसत नाही, खात्री बाळगा. आलेपाक आईनं घरी केलेला होता. तिला विचारून कृती टाकते, पण प्रमाण विचारलं की म्हणते "अंदाजानं."